लांब पल्ल्याचा नेम : कसब, खात्री आणि मर्यादा

अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोलोरॅडो, वायोमिंग, मोंटाना, आयडाहो ही राज्ये म्हणजे मोकळ्या माळांचा आणि उंच डोंगरांचा मुलूख. तिथल्या शिकाऱ्यांमध्ये गेली काही वर्षे एक प्रश्न सतत चर्चेत आहे : जनावरावर किती लांबून बार काढावा? एके काळी 300 यार्ड, म्हणजे सुमारे 275 मीटर, हे अंतर बहुतेकांना लांबचे वाटे. आज 500-600 यार्डांची भाषा सर्रास ऐकू येते. ती उगाच आलेली नाही. लेझरने अंतर मोजणारे यंत्र खिशात मावू लागले आणि परवडू लागले. हॉर्नाडी कंपनीने 2007 साली आणलेल्या 6.5 क्रीडमूरसारख्या काडतुसांमुळे लांबट, हवा सहज कापणारी गोळी खांद्याला फारसा धक्का न देता झाडता येऊ लागली. कोणत्या अंतराला दुर्बिणीची चकती किती फिरवायची, हे फोनमधले अ‍ॅप क्षणात सांगते. साधने एवढी हाताशी आल्यावर पुढचा प्रश्न ओघानेच येतो : अशा बारासाठी लागणारे कसब आणि आत्मविश्वास कमवायचा कसा? आजवरची माहिती एकत्र मांडून या प्रश्नाचा आढावा घ्यावा, हा या लेखाचा हेतू आहे. कसब अवश्य कमवावे. पण आत्मविश्वास म्हणजे मनाची उभारी नव्हे, ती मोजून घ्यायची गोष्ट आहे. आणि प्रामाणिकपणे मोजली तर जिवंत जनावरावर बार काढण्याचे अंतर बहुधा वाढत नाही, घटते. हे या लेखाचे म्हणणे आहे.

आधी या प्रश्नाचा जो भाग तंत्रज्ञानाने सोडवला आहे, तो पाहू. नळीतून बाहेर पडताच गोळी खाली येऊ लागते आणि किती खाली येईल हे हवेत घालवलेल्या वेळावर अवलंबून असते. 143 ग्रेन वजनाची 6.5 क्रीडमूरची गोळी सेकंदाला सुमारे 2,700 फूट वेगाने निघते. रायफलचा नेम 200 यार्डांवर बसवलेला असेल, तर 500 यार्डांवर ती नेमापेक्षा एक मीटरहून अधिक खाली लागते. आकडा मोठा आहे, पण तो घाबरवणारा नाही, कारण तो आधी काढता येतो. गुरुत्वाकर्षण दर वेळी सारखेच वागते. चढ-उतारावरचा हिशेबही सोपा आहे. 30 अंशांच्या उतारावर तिरपे अंतर 400 यार्ड भरले, तरी गोळीच्या उताराच्या दृष्टीने आडवे अंतर सुमारे 346 यार्डच धरायचे. हवेच्या विरळपणाचे गणितही बसवता येते. समुद्रसपाटीच्या तुलनेत 3,000 मीटर उंचीवर हवा सुमारे एक चतुर्थांश विरळ असते, म्हणून मैदानात तयार केलेला तक्ता रॉकी पर्वतात जसाच्या तसा चालत नाही. पण तो दुरुस्त करता येतो. अंतर, कोन, हवेचा दाब आणि तापमान ही माहिती यंत्राला दिली की गोळी किती खाली येईल याचे भरवशाचे उत्तर मिळते. तंत्रज्ञानाने प्रश्नाचा हा भाग खरोखर सोडवला आहे आणि त्याचे श्रेय त्याला मोकळेपणाने द्यायला हवे.

वाऱ्याचे तसे नाही. आडवा वारा गोळीला किती वाहून नेतो हे जुन्या काळापासून माहीत असलेल्या एका सूत्राने काढता येते. निर्वात जागेत गोळीला जेवढा वेळ लागला असता त्याहून हवेमुळे जेवढा उशीर होतो, तो उशीर गुणिले वाऱ्याचा वेग. वर सांगितलेल्या गोळीला ताशी 16 किलोमीटरचा आडवा वारा 200 यार्डांवर पाच-सहा सेंटिमीटर वाहून नेतो, 300 यार्डांवर साधारण 12-13 सेंटिमीटर आणि 500 यार्डांवर तब्बल 40 सेंटिमीटरच्या आसपास. अंतर अडीचपट झाले की वाहून जाणे जवळपास सातपट होते. आता याच्याशेजारी हरणाचे मर्मस्थान ठेवून पाहा. हृदय आणि फुप्फुसे मिळून 20 ते 25 सेंटिमीटर व्यासाचा भाग, म्हणजे त्याच्या मध्यापासून कड जेमतेम 10-12 सेंटिमीटर. शिकाऱ्याने 16 किलोमीटरचा वारा चुकून आठ किलोमीटरचा समजला, तर 200 यार्डांवर तीन सेंटिमीटरची चूक होते आणि गोळी तरीही मर्मावर बसते. तीच चूक 500 यार्डांवर 20 सेंटिमीटरची होते आणि गोळी पोटात किंवा खांद्याबाहेर जाते. शिवाय डोंगराळ भागात वारा एकसारखा नसतो. शिकाऱ्यापाशी झुळूक, मधल्या दरीत जोराचा झोत आणि पलीकडच्या उतारावर उलटा वारा, असे एकाच वेळी घडू शकते. हातातले वारा मोजणारे यंत्र फक्त हाताजवळचा वारा सांगते. पुढचा वारा गवत, पाने, धुके आणि उन्हात थरथरणारी हवा पाहून वाचावा लागतो. ती अनेक वर्षांच्या सरावाने येणारी दृष्टी आहे. ती असूनही जो अंदाज निघतो, तो अंदाजच असतो.

तिसरी अडचण तर कोणत्याही सरावाने जाणारी नाही, आणि माझ्या मते या सगळ्या वादाचा कणा तीच आहे. चाप ओढल्यापासून गोळी 500 यार्डांवर पोचेपर्यंत 0.6 सेकंदाहून जास्त वेळ जातो. हरीण सावकाश चालत असले, सेकंदाला मीटरभर, तरी तेवढ्यात ते 60 सेंटिमीटर पुढे जाते. ते उभे असले, तरी पुढचे पाऊल केव्हा टाकील हे नेम धरणाऱ्याला कळत नाही. 200 यार्डांवर हाच वेळ पाव सेकंदाहून कमी असतो. लोखंडी पाटीवर हजारदा नेम बसवलेला माणूस आणि नवशिका, दोघांसाठीही हा काळ सारखाच लांब आहे. पाटी पाऊल टाकत नाही. म्हणून पाटीवर मिळालेल्या खात्रीचा एक तुकडा जनावरापुढे आपोआप गळून पडतो, हे आधीच धरून चालावे लागते. याला जोडून गोळीची स्वतःची मर्यादाही येते. शिकारीसाठी बनवलेल्या अनेक गोळ्या लक्ष्यावर पोचताना वेग सेकंदाला साधारण 1,800 फुटांच्या खाली गेला, तर नीट उमलत नाहीत. नेम अचूक लागूनही जखम अपुरी राहते आणि जनावर लगेच मरत नाही.

तरीही कसब कमवण्याला मोल आहे, कारण हेच कसब 200 यार्डांवरचा बार निर्दोष करते. ते कमवायचे कसे, याबद्दल जाणकारांचे बऱ्यापैकी एकमत आहे. टेबलावर वाळूच्या पिशव्यांचा आधार देऊन मिळवलेला गोळ्यांचा छोटा पुंजका रायफलचा दर्जा सांगतो, माणसाचा नाही. रानात टेबल नसते. तिथे पाठीवरच्या पिशवीवर रायफल टेकवून आडवे पडावे लागते. गवत उंच असेल तर बसून दोन काठ्यांचा आधार घ्यावा लागतो, आणि उतार असेल तर गुडघ्यावर यावे लागते. शरीराची मांडणी नेमात किती महत्त्वाची असते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात 50 मीटरवरच्या एकाच लक्ष्यावर गुडघ्यावर, आडवे पडून आणि उभे राहून असा तीन स्थितींतून नेम साधायचा असतो. स्थिती बदलली की तोच हात, तीच रायफल आणि तेच अंतर असूनही गुण बदलतात. तिथे अंतर ठरलेले असते, लक्ष्य हलत नाही आणि नेमबाज चढ चढून धापा टाकत आलेला नसतो. रानात यातले काहीच हमखास नसते.

म्हणून सराव रानासारखा हवा. त्याचा मोठा भाग बिनखर्ची आहे. काडतूस न भरता नेम धरून चाप ओढायचा आणि त्या क्षणी दुर्बिणीतली फुली हलते का ते पाहायचे. नेमबाज याला ड्राय प्रॅक्टिस म्हणतात, आणि चापावरचा ताबा यानेच येतो. दुसरे स्वस्त साधन म्हणजे .22 ची रायफल. तिची हळू जाणारी गोळी 200 यार्डांवर वाऱ्याने जेवढी भरकटते, ते क्रीडमूरच्या 500 यार्डांवरच्या भरकटण्याच्या जवळ जाते. वारा वाचायला शिकण्यासाठी याहून चांगली शाळा नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे थंड नळीतून सुटणारी पहिली गोळी. शिकारीत दुरुस्तीची संधी गृहीत धरता येत नाही. पहिली गोळी कुठे पडली ते पाहून दुसरी सुधारणे ही पाटीवरची चैन आहे. म्हणून दिवसाला एकच गोळी, अंतर आधी माहीत नसताना, चढ चढून श्वास वाढलेला असताना, मर्मस्थानाएवढ्या वर्तुळावर झाडायची आणि वहीत नोंदवायची. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली संगीतकारांच्या अभ्यासातून हेतुपूर्वक सरावाची कल्पना मांडली. नुसती आवर्तने पुरत नाहीत. नेमक्या उणिवेवर बोट ठेवून आणि परिणाम लगेच कळेल अशा रीतीने केलेला सरावच माणसाला पुढे नेतो, हा तिचा गाभा. वर सांगितलेली वही म्हणजे त्याच कल्पनेचे रानातले रूप आहे.

आता आत्मविश्वासाकडे येऊ. डॅनिएल काहनेमन आणि गॅरी क्लाइन हे दोन मानसशास्त्रज्ञ तज्ज्ञांच्या अंतःप्रेरणेबद्दल परस्परविरोधी मते बाळगून होते. 2009 साली दोघांनी मिळून लिहिलेल्या निबंधात ते एका मुद्द्यावर एकत्र आले : परिस्थितीत नियमितपणा असेल आणि आपल्या निर्णयाचा परिणाम माणसाला वारंवार, स्पष्टपणे कळत असेल, तरच त्याच्या आतल्या कौलावर भरवसा ठेवावा. आपल्याला किती खात्री वाटते, हा त्या कौलाच्या खरेपणाचा पुरावा नव्हे. लांब पल्ल्याची शिकार या कसोटीला लावून पाहा. सामान्य शिकारी वर्षाला एखाद-दुसऱ्या जनावरावरच बार काढतो, म्हणजे परिणाम कळण्याच्या संधी थोड्या. त्यातही मोठा दोष असा की 500 यार्डांवरून, दरीपलीकडे, गोळी लागली की हुकली हेच पुष्कळदा समजत नाही. जिथे जनावर उभे होते ती जागा गाठायला वेळ लागतो आणि तिथे पोचल्यावर ती नेमकी कोणती, याचाच गोंधळ होतो. रक्ताचा थेंब सापडला नाही की बार हुकला असे मानले जाते. घायाळ होऊन झाडीत गेलेले जनावर अशा रीतीने हिशेबातूनच गळते. यश लक्षात राहते, अपयश दिसत नाही, आणि आत्मविश्वास वाढत जातो. हा माणसाच्या खोटेपणाचा प्रश्न नाही. प्रामाणिक माणसाचीही या मार्गाने फसगत होते, म्हणूनच मोजमाप हवे.

मोजमाप किती कडक असावे, हे संख्याशास्त्रातला एक साधा नियम सांगतो. एखादी गोष्ट सलग जितक्या वेळा न चुकता जमली, त्या संख्येने तीनला भागावे. चुकण्याचे खरे प्रमाण जास्तीत जास्त तेवढे असू शकते असे धरावे. 30 पैकी 30 गोळ्या वर्तुळात बसल्या, तरी खरे चुकण्याचे प्रमाण दहात एक असू शकते. दहापैकी दहा बसल्या, तर ते दहात तीनपर्यंतही असू शकते. सुट्टीच्या एका दिवशी 600 यार्डांवरची पाटी पाच वेळा वाजवली आणि खात्री पटली असे म्हणणाऱ्याच्या हाती प्रत्यक्षात किती थोडा पुरावा असतो, ते यावरून दिसते. माझ्या मते कोणत्याही शिकाऱ्याने आपली मर्यादा अशी ठरवावी : रानातल्या स्थितीतून, थंड नळीच्या पहिल्या गोळीने, वेगवेगळ्या दिवशी आणि वेगवेगळ्या वाऱ्यात, सलग 30 वेळा वर्तुळ चुकले नाही ते अंतर. मग जनावराच्या हालचालीसाठी त्यातूनही भरघोस वजावट करावी. हे अंतर भल्याभल्यांच्या कल्पनेपेक्षा कमी निघते.

प्रत्यक्ष शिकारीतला पुरावाही याच दिशेने बोट दाखवतो. ब्रिटनमध्ये हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी नियमित शिकार होते. तिथल्या शिकाऱ्यांच्या निनावी नोंदींवर आधारलेला एक अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. अंतर वाढले, बसण्याची स्थिती अवघडलेली असली किंवा नेम धरायला पुरेसा वेळ मिळाला नाही की पहिल्या बाराची अचूकता घसरते, असे त्यात दिसले. विशेष म्हणजे ही अंतरे अमेरिकी चर्चेतल्या अंतरांच्या मानाने लहानच आहेत, आणि नोंदी करणारे लोक सरावलेले होते. डेन्मार्कचे उदाहरण वेगळ्या बंदुकीचे, छर्ऱ्यांचे आहे, पण बोलके आहे. 1990 च्या दशकात तिथे जिवंत पकडलेल्या रानहंसांचे क्ष-किरण फोटो काढले, तेव्हा प्रौढ पक्ष्यांपैकी सुमारे एक तृतीयांशांच्या अंगात छर्रे आढळले. कुणाच्याही वहीत न नोंदवलेल्या हुकलेल्या बारांचा हा हिशेब पक्ष्यांच्या शरीरात लिहिलेला होता. त्यानंतर देशाने जखमी होणाऱ्या जनावरांचे प्रमाण घटवण्याची योजना हाती घेतली. जवळून बार काढा, हा तिच्यातला मुख्य आग्रह होता, आणि पुढच्या वर्षांत छर्रे वागवणाऱ्या हंसांचे प्रमाण ठळकपणे खाली आले. नॉर्वेत मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी दरवर्षी परीक्षा द्यावी लागते. आधी 30 गोळ्यांचा सराव, मग 100 मीटरवरच्या जनावराच्या आकृतीतील 30 सेंटिमीटरच्या वर्तुळात पाचपैकी पाच गोळ्या. ज्या देशात शिकार हा लोकजीवनाचा भाग आहे, त्याने कसोटीचे अंतर 100 मीटर ठेवले आहे. त्या देशाला लांबचा नेम येत नाही असे कुणी म्हणणार नाही. सर्वसामान्य शिकाऱ्याकडून हमखास काय अपेक्षावे, याचा तो अनुभवातून आलेला अंदाज आहे.

यावरचे आक्षेप वजनदार आहेत आणि त्यांना उत्तर दिले पाहिजे. पहिला आक्षेप असा की सराव केलेला माणूस 500 यार्डांवरून जे साधतो ते सराव नसलेल्याला 150 यार्डांवरूनही साधत नाही, मग दोष अंतराला का? आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. दर हंगामाच्या आदल्या दिवशी कपाटातून रायफल काढणारा माणूस जवळूनही जनावराचे हाल करतो, आणि त्याला नॉर्वेसारख्या परीक्षेची गरज आहे. पण यातून सराव आवश्यक आहे एवढेच ठरते, अंतर निरुपद्रवी आहे असे नाही. तुलना करायचीच तर त्याच सरावलेल्या माणसाची त्याच्याशीच करावी, 500 वर आणि 200 वर. तिथे उत्तर नेहमी एकच येते. दुसरा आक्षेप असा की वायोमिंगच्या उघड्या माळावर तीक्ष्ण नजरेच्या प्राँगहॉर्न या हरणासारख्या जनावराच्या जवळ जाताच येत नाही. अवघड आहे, अशक्य नाही. त्याच माळांवर धनुष्यबाणाने शिकार करणारेही आहेत. त्यांच्या हातूनही जनावरे जखमी होतात हे खरे, पण तो बाणाच्या मर्यादेचा प्रश्न आहे. एका साधनाची उणीव दुसऱ्या साधनाच्या बेफिकिरीला परवाना देत नाही. आणि कधी कधी जवळ जाता येत नाही तेव्हा बार न काढता परत फिरावे लागते. हा पर्याय शिकारीत नेहमी हाताशी असतो. तिसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा : आज न सुटलेला वारा उद्या यंत्र सोडवील. कदाचित सोडवीलही. दरीपलीकडचा वारा मोजणारे उपकरण आले, तर वाऱ्याबद्दलचे वरचे विवेचन पुन्हा लिहावे लागेल. पण गोळीचा प्रवासाचा वेळ आणि जनावराचे पुढचे पाऊल यांना यंत्र हात लावू शकत नाही.

समाजाने आणि कायद्यानेही या प्रश्नाची दखल घेतली आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी 1887 साली स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने या विषयावर आपली भूमिका जाहीर केली आहे. यार्डांचा आकडा सांगून क्लबने रेघ ओढलेली नाही, हेतूवर बोट ठेवले आहे. साधने आजमावून जिवंत लक्ष्यावर किती दूरवर गोळी लागते हे पाहणे, हा हेतू असेल तर ती शिकार नव्हे, असा त्याचा आशय आहे. आयडाहो राज्याने मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी दुर्बिणीसह 16 पौंडांहून, म्हणजे सव्वासात किलोंहून, जड रायफलींना मनाई केली. अतिदूरच्या बारासाठी खास बनवलेल्या अवजड रायफली त्यामुळे बाहेर राहतात. आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेखातर शिकार बंद झाली आणि ते योग्यच झाले. पण पिके उद्ध्वस्त करणाऱ्या रानडुकरांना आणि रोह्यांना वनविभागाच्या परवानगीने मारण्याची वाट महाराष्ट्रात आहे. जिथे हा मार्ग अवलंबला जातो तिथे बार कोण काढतो, किती अंतरावरून, कोणत्या कसोटीला उतरून, हे प्रश्न विदर्भातल्या शेताच्या बांधावरही तितकेच खरे आहेत. आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या ज्या मराठी माणसांनी तिथल्या मित्रांबरोबर रीतसर परवाना घेऊन रानात जायला सुरुवात केली आहे, त्यांच्यासाठी तर हा आजचाच प्रश्न आहे.

आल्डो लिओपोल्ड या अमेरिकी वनशास्त्रज्ञाचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर 1949 साली प्रसिद्ध झाले. शिकाऱ्याच्या वर्तनाला टाळ्या वाजवायला किंवा नापसंती दाखवायला प्रेक्षक हजर नसतात, हा विचार त्याने त्यात मांडला. लांब पल्ल्याच्या बारात हा एकांत आणखी वाढतो, कारण तिथे जनावराच्या वेदनेपासूनही माणूस दूर असतो. म्हणून कसब शिकणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे : लोखंडी पाटीवर खुशाल 1,000 यार्डांपर्यंत जा, वारा वाचायला शिका, वही ठेवा आणि ती वही जे अंतर देईल ते माना. मग रानात त्याच्याही अलीकडे थांबा. वाऱ्याबद्दल शंका असेल किंवा जनावर चालते असेल, तर चापावरचे बोट काढा आणि जवळ जायची वाट शोधा. ती सापडली नाही, तर रिकाम्या हाताने परत या.